पासिंगपूर्वी स्टेअरिंगचे काम घरी केले, त्याची हकीकत

वडिलांनी २००८ साली घेतलेली छोटी पेट्रोल गाडी अजून आमच्याकडे आहे. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे २१ नोव्हेंबर २०२३ रोजी पूर्ण होणार होती. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी चालवायची तर नमुना २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो आणि तो मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आतच करता येतो. बोलताना आपण ज्याला पासिंग म्हणतो, ते हेच. वडील गेल्यापासून ही गाडी मोडीत काढण्याचा विचार घरात कुणी बोलून दाखवला नव्हता, त्यामुळे पासिंग करायचे हे ठरलेलेच होते.

त्याच सुमारास, म्हणजे गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, सिंहगड रस्त्यावरचे खड्डे आणि गतिरोधक ओलांडताना पुढच्या डाव्या चाकाकडून टक-टक असा आवाज येऊ लागला. गाडी सरळ रस्त्यावरही किंचित भरकटत होती. नेहमीच्या गॅरेजमध्ये दाखवल्यावर पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे लोखंडी हात), दोन्ही टाय रॉड एंड (स्टेअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यांची टोके) आणि पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलायला सांगितले आणि मजुरी व अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणे, धरून १४,५०० रुपयांचा अंदाज दिला. मी ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड ही कामे गेली सहा-सात वर्षे घरीच करत आलो आहे. त्यामुळे हेही जमेल असे मला मनापासून वाटले. मजुरीचे पैसे वाचावेत हे एक कारण होते. वडिलांची गाडी आपल्या हातांनी नीट करावी ही इच्छा त्याहून मोठी होती. आता मागे वळून पाहताना वाटते की त्या इच्छेपोटीच एक साधा फरक माझ्या लक्षात आला नाही. इंजिनाचे काम चुकले तर गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडते. स्टेअरिंगचे काम चुकले तर गाडी धावत राहते आणि ती चूक वेगात असताना, बहुधा वळणावर, समोर येते.

प्रथम नेमके काय झिजले आहे हे पाहिले. पुढचे चाक जमिनीवरून उचलून दोन्ही हातांनी डावी-उजवीकडून, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, धरून हलवले की टाय रॉड एंडचा प्ले, म्हणजे सैलपणा, समजतो. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले तर बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा, किंवा चाकाचे बेअरिंग झिजल्याचे कळते. धाकटा भाऊ चाक हलवत होता आणि मी बॅटरीच्या उजेडात सांध्यावर बोट ठेवून पाहत होतो. डावीकडचा बॉल जॉइंट हाताला स्पष्ट जाणवेल इतका हलत होता आणि त्याचा रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचे आवरण, फाटलेला होता. ही तपासणी घरी करण्यासारखी आहे आणि गॅरेजने सांगितलेले काम खरेच आवश्यक आहे का, हे त्यावरून कळते. आमच्या बाबतीत गॅरेजचे निदान बरोबर होते.

शनिवारी, ३० सप्टेंबरला नाना पेठेत जाऊन सुटे भाग घेतले. आरसीची प्रत सोबत नेल्याचा उपयोग झाला, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार बॉल जॉइंटच्या दांड्याची जाडी बदललेली असू शकते आणि दुकानदार चेसिस क्रमांकावरूनच खात्रीने भाग देतो. दोन लोअर आर्म २,९०० रुपये, दोन टाय रॉड एंड ९६० रुपये आणि दोन शॉकअब्सॉर्बर ३,८०० रुपये, असे भागांचे ७,६६० रुपये झाले. याहून निम्म्या किमतीचे, खोक्यावर कंपनीचे नावही नसलेले भाग तिथे मिळत होते. ते घेतले नाहीत, याचे मला आजही समाधान वाटते. हत्यारांमध्ये जॅक स्टँडची जोडी १,८५० रुपयांना, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा) २,९०० रुपयांना आणि स्प्रिंग दाबण्याचे दोन आकडे (हुक) असलेले साधन १,२०० रुपयांना घेतले. गंज सोडवणारा स्प्रे, स्प्लिट पिना आणि ग्रीस यांचे ३४० रुपये झाले. म्हणजे काम सुरू होण्याआधीच १३,९५० रुपये खर्च झाले होते.

रविवार आणि त्याला जोडून आलेली सोमवारची गांधी जयंतीची सुट्टी असे दोन दिवस हाताशी होते. रविवारी सकाळी आठ वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम सुरू केले. तिथली जमीन सिमेंटच्या ठोकळ्यांची आहे आणि पाणी वाहून जावे म्हणून तिला थोडा उतार दिलेला आहे. मी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, पण मागच्या चाकांना दगड लावले नाहीत. डावे चाक काढून ते दरवाज्याखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवले, ही एक गोष्ट मात्र बरी केली. जॅक स्टँड शेजारीच होते. आधी टाय रॉड एंडचा नट सैल करून घेऊ आणि मग स्टँड लावू, असा विचार करून गाडी नुसत्या गाडीसोबत आलेल्या जॅकवर ठेवून मी हातोडा चालवायला लागलो.

टाय रॉड एंडचा दांडा निमुळता असतो आणि नकलच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागाच्या, तशाच निमुळत्या भोकात तो घट्ट रुतून बसतो. नट काढला तरी तो सुटत नाही. नकलच्या त्या भागावर बाजूने जोरात घाव घालावे लागतात, तेव्हा तो धक्क्याने सुटतो. चौथ्या किंवा पाचव्या घावाला जॅकची बैठक ज्या ठोकळ्यावर होती तो एका बाजूने खचला, जॅक तिरका झाला आणि गाडीचा तो कोपरा पट्टीखाली ठेवलेल्या चाकावर येऊन आदळला. त्या क्षणी माझा हात बाहेर होता, कारण घाव घालण्यासाठी मी तो नुकताच मागे घेतला होता. त्याआधी काही सेकंद मी चाकाच्या जागेत कोपरापर्यंत हात घालून रबरी बूट चाचपत होतो. भाऊ काही न बोलता माझ्याकडे पाहत उभा राहिला. आम्ही दोघे वरती जाऊन अर्धा तास नुसते बसून राहिलो.

खाली परत आल्यावर मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, जॅकखाली जाड लाकडी फळी घातली, गाडी उचलून दोन्ही बाजूंना स्टँड दिले आणि मग गाडीला अंगाने जोर लावून ती हलत नाही याची खात्री केली. या सगळ्याला पंधरा मिनिटे लागली. जॅक हे फक्त गाडी उचलण्याचे साधन आहे. ती धरून ठेवण्याचे काम स्टँडचेच. नट एक असो वा दहा, स्टँड लागल्याशिवाय चाकाच्या जागेत हात घालू नये, आणि सस्पेन्शनच्या, म्हणजे धक्के झेलणाऱ्या या जोडणीच्या, कामात तर मुळीच नाही, कारण या कामात गंजलेले सांधे सोडवताना गाडीला आडवे धक्के बसतातच.

टाय रॉड एंड फिरवून काढताना आटे मोजावेत असे वाचले होते. डावीकडे साडेसतरा फेरे झाले आणि नवा तितकेच फेरे फिरवून बसवला. पण जुना आणि नवा शेजारी ठेवून पाहिले तेव्हा लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसला. चाकांच्या दिशेच्या बाबतीत एवढा फरक फार असतो. म्हणून फेऱ्यांची मोजणी ही अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत हळू जाता यावे इतक्यापुरतीच कामाची आहे. नट ठरलेल्या टॉर्कला आवळून, स्प्लिट पिनेचे भोक जुळेपर्यंत तो आणखी थोडा पुढे न्यावा लागतो. भोक जुळावे म्हणून तो मागे सैल करायचा नसतो. पिना नव्याच घातल्या. इथपर्यंत सर्व बरोबर झाले होते.

चूक पुढे, उजव्या लोअर आर्मला झाली. आमच्या गाडीत बॉल जॉइंटचा दांडा नकलच्या भोकात खालून वर जातो. त्या दांड्याला मध्यावर एक खाच असते आणि नकलमधून आडवा जाणारा बोल्ट त्या खाचेत अडकून दांड्याला धरून ठेवतो. दांडा पूर्ण आत गेलेला असेल तरच बोल्ट त्या खाचेतून जातो. दुपार झाली होती, डाव्या बाजूचे काम पूर्ण झाले होते आणि नव्या बुशमुळे (आर्मच्या गाडीकडच्या टोकातल्या रबरी गादीमुळे) उजवा आर्म ताठ होता. टॉमीने (लांब लोखंडी पहारीने) तो खाली दाबून दांडा भोकाशी आणला, मग खालून हातोडीने वर ठोकला. नकलच्या भोकात जुना गंज होता, तो मी घासून काढला नव्हता, म्हणून दांडा अर्ध्यावर अडला. बोल्ट घातला तर तो सहज गेला. सहज गेला म्हणून मला बरे वाटले. खरे तर तो दांड्याच्या टोकाच्या वरून, मोकळ्या जागेतून गेला होता. मी तो टॉर्क पान्याने आवळला, पान्याने क्लिक असा आवाज दिला आणि मी वहीत बरोबरची खूण केली. टॉर्क पाना बोल्ट किती आवळला एवढेच सांगतो. तो कशातून गेला आहे हे त्याला कळत नाही.

दुसरी चूक दोन्ही बाजूंना झाली. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट मी चाके लटकत असतानाच पूर्ण आवळले. असे केले की गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. ते बोल्ट आधी हाताने लावून, गाडी तिच्या चाकांवर उभी करून, मग शेवटचे आवळायचे असतात.

सोमवारी शॉकअब्सॉर्बर घेतले. पुढच्या स्ट्रटवर, म्हणजे शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांच्या एकत्र जोडणीवर, जी स्प्रिंग असते ती सुटी करण्यापूर्वी दाबून बांधावी लागते, आणि ही स्प्रिंग गाडीच्या त्या कोपऱ्याचा दोनशे-अडीचशे किलोचा भार पेलत असते. स्प्रिंग दाबलेली नसताना वरचा नट काढला तर वरचे सगळे भाग बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात, हे मला माहीत होते. जे माहीत नव्हते ते असे की दोन आकड्यांचे साधन समोरासमोर अगदी बरोबर बसले नाही तर स्प्रिंग एका बाजूने वाकू लागते आणि आकडा तिच्या गोल अंगावरून सरकतो. माझा डावा आकडा तसा बोटभर सरकला. आवाज लहानच होता, पण मी स्ट्रट जमिनीवर आडवा ठेवून, स्वतः एका बाजूला होऊन, दोन्ही आकडे आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सैल करत आणले आणि ते काम तिथेच सोडले. दोन्ही स्ट्रट पिशवीत घालून स्कूटरवरून गॅरेजमध्ये नेले. त्यांच्याकडे जमिनीत पक्के बसवलेले यंत्र होते. वीस मिनिटांत दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलून मिळाले आणि ६०० रुपये घेतले. या एका कामाबद्दल माझे मत ठाम आहे: स्प्रिंग घरी दाबू नये.

स्ट्रट बसवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. नकल मोकळा झाला की तो बाहेरच्या बाजूला कलंडतो. त्याचा भार ब्रेकच्या रबरी नळीवर आला तर नळी आतून फाटू शकते, आणि तो फार बाहेर ओढला गेला तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा निसटतो. भावाने नकल दोरीने वर बांधून ठेवला होता, त्यामुळे हे टळले.

संध्याकाळी साडेसहाला गाडी जमिनीवर आली. चाकांचे नट पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ८५ न्यूटन मीटरला आवळले. टक-टक आवाज पूर्ण थांबला होता. स्टेअरिंग थोडे डावीकडे वळलेले राहत होते, पण ते अलाइनमेंटने ठीक होईल हे ठाऊक होते. मला फार आनंद झाला होता. त्याच आनंदात मी नऊ वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून वडगावपर्यंत चक्कर मारून आलो. ही गोष्ट लिहिताना आजही हात थांबतो.

मंगळवारी, ३ ऑक्टोबरला सकाळी अलाइनमेंटच्या दुकानात गेलो. तिथले मिस्त्री पन्नाशीचे होते. यंत्र लावण्याआधी ते बॅटरी घेऊन दुकानातल्या तपासणीच्या खड्ड्यात उतरले, टॉमीने एकेक सांधा हलवून पाहिला आणि उजव्या चाकापाशी थांबले. मग मला खाली बोलावले.

"साहेब, हे काम कुणी केलं?"

मी केल्याचे सांगितले. त्यांनी आधी डाव्या बाजूवर बॅटरी धरली, मग उजव्या. डावीकडे रबरी बूट नकलला टेकलेला होता. उजवीकडे दोन्हींमध्ये बोटभर फट होती.

"बोल्ट दांड्याच्या वरनं गेलाय. नुसत्या दाबावर धरून राहिलंय ते. एखादा मोठा खड्डा लागला असता तर चाक बाहेर पडून आडवं झालं असतं. मी अलाइनमेंट करत नाही, आणि गाडी आता इथून चालवत नेऊ नका."

ते रागावले नव्हते. त्यांच्या बोलण्यात काळजी होती, आणि तिचाच मला जास्त त्रास झाला. १४ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या होती आणि वडिलांच्या श्राद्धासाठी आई, पत्नी आणि मुलगी यांना घेऊन मी याच गाडीने वाईला जाणार होतो. मध्ये खंबाटकीचा घाट आहे. खड्ड्याच्या पायरीवर बसून मी त्या घाटाच्या वळणांचाच विचार करत होतो.

त्यांनी फोन करून शेजारच्या गॅरेजमधला मुलगा बोलावला. मी तिथेच उभे राहून सर्व पाहिले. त्याने बोल्ट काढला, दांडा बाहेर काढला, नकलचे भोक बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केले, दांडा हाताने वर सारला आणि बोल्ट घालण्यापूर्वी आडव्या भोकातून बॅटरी मारून खाच समोर आल्याचे मला दाखवले. बोल्ट आत जाताना त्या खाचेला किंचित घासत गेला; तो तसा घासत जाणे हीच खूण आहे. नवा बोल्ट घातला. मग गाडी रॅम्पवर, तिच्या चाकांवर उभी असताना, दोन्ही बाजूंचे बुशचे बोल्ट सैल करून पुन्हा आवळले. मजुरी आणि बोल्ट यांचे ८०० रुपये, अलाइनमेंट व बॅलन्सिंगचे ७०० रुपये झाले. आकडा सांगायचाच तर माझा एकूण खर्च १६,०५० रुपये झाला, म्हणजे गॅरेजच्या पहिल्या अंदाजापेक्षा १,५५० रुपये जास्त. हत्यारे पुढे उपयोगी पडतील हे खरे, पण पैसे वाचवण्यासाठी कुणी या कामात पडणार असेल तर हा हिशेब समोर असावा.

त्या रात्री मी विम्याची कागदपत्रे काढून वाचली. गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी मालकाने योग्य ती काळजी घेतली पाहिजे, अशी अट त्यात असते. मोटार वाहन कायद्याचे कलम १९० ही असेच सांगते: साधी काळजी घेतली असती तर लक्षात आला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. अपघात झाला असता तर मला दोष माहीत नव्हता हे उत्तर पुरे पडले नसते. आणि समोरच्या गाडीतल्या माणसांना तर माझ्या वहीतल्या खुणांचा काहीच उपयोग नव्हता.

वाईला आम्ही त्याच गाडीने गेलो. शंभर किलोमीटर झाल्यावर सर्व नट पुन्हा तपासायला मिस्त्रींनी सांगितले होते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मी तिच्यात एकटा बसून तेवढे अंतर पूर्ण केले आणि परत त्यांच्याकडे जाऊन तपासून घेतले. घाट उतरून सुरूर फाट्याला पोहोचल्यावर आईने गाडी छान चालते आहे असे म्हटले. तिला तोपर्यंत काही सांगितले नव्हते. श्राद्ध झाल्यावर संध्याकाळी सगळे सांगितले.

पासिंगचे काम त्या मानाने सरळ होते. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नमुना २५ भरला, आरसी, चालू विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा अपलोड केला. नूतनीकरणाचे शुल्क तेव्हा, २०२३ मध्ये, ५,००० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पूर्वी ते ६०० रुपये होते. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. मुदत उलटली तर दरमहा विलंबशुल्क लागते, त्यामुळे अर्ज वेळेत करावा. तपासणीची वेळ ७ नोव्हेंबरची मिळाली. सकाळी नऊला रांगेत लागलो, पावणेबाराला क्रमांक आला. चेसिस क्रमांक आधीच घासून स्वच्छ करून ठेवावा, कारण त्याची पेन्सिलने छाप घेतात आणि जुन्या गाड्यांत तो गंजाखाली दिसत नाही. निरीक्षकांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर आणि क्रमांकाची पाटी पाहिली, स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवून पाहिले आणि सही केली. पाच वर्षे वाढवून दिलेली आरसी सुमारे तीन आठवड्यांनी टपालाने घरी आली.

त्या रांगेत उभा असताना एक गोष्ट जाणवली. उजवा बोल्ट तसाच राहिला असता तरीही दिवे लागले असते, स्टेअरिंग फिरले असते आणि कदाचित गाडी पासही झाली असती. उभ्या गाडीच्या तपासणीत बूटच्या मागची फट दिसण्याची शक्यता फार कमी असते. ती पाहण्यासाठी खड्ड्यात उतरावे लागते आणि डावी-उजवी बाजू शेजारी ठेवून पाहावी लागते.

आता मी ऑइल, फिल्टर आणि ब्रेक पॅड पूर्वीप्रमाणे घरी करतो. स्टेअरिंग आणि सस्पेन्शनमध्ये प्ले तपासण्यापुरताच हात घालतो. भाग मी आणतो, काम गॅरेजमध्ये समोर उभे राहून करून घेतो. ज्यांच्या नव्या गाड्यांत एअरबॅग आणि इलेक्ट्रिक स्टेअरिंग आहे त्यांनी तर रॅक (स्टेअरिंगचे फिरणे टाय रॉडकडे नेणारा दातेरी भाग) सुटा असताना स्टेअरिंग व्हील फिरवूही नये, आतली वायरची गुंडाळी तुटते. शेजारच्या गॅरेजमधल्या त्या मुलाने काम झाल्यावर प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या लोखंडावर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून दिली होती. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. महिन्यातून एकदा, बहुधा पहिल्या रविवारी, मी बॅटरी घेऊन त्या रेघा पाहतो. आता मुलगीही वाकून पाहते, आणि आधी उजवी बाजू पाहते.